युद्ध कोणत्या तारखेपासून मोजायचे?

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलंडच्या निर्वासितांचा एक स्मृतिस्तंभ आहे. सकाळी फिरायला येणारी माणसे त्याच्याजवळून जातात, मुले आजूबाजूला खेळतात, आणि थांबून त्याच्याकडे पाहणारे फार थोडे असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाने उभारलेल्या स्मारकाला अभिवादन केले, तेव्हा काही दिवस आपल्याकडे या गोष्टीची आठवण निघाली. संस्थानच्या काळात या मातीने परक्यांना आसरा दिला याचा अभिमान अनेकांनी व्यक्त केला आणि तो रास्तच होता. पण पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसे, त्यांत मुख्यतः बायका आणि मुले, १९४३ मध्ये कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला येऊन पोहोचली ती कशी, आणि १९४८ मध्ये छावणी उठली तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांना आपापल्या मूळ गावी का जाता आले नाही, हा प्रश्न त्या आठवणींत कुणी फारसा विचारला नाही. युक्रेन, इराण आणि पश्चिम आशियातल्या आजच्या युद्धांकडे कोल्हापूरकराने कसे पाहावे, असे मला कुणी विचारले तर मी त्याला आधी या प्रश्नाकडे नेईन.

गेली काही वर्षे जगातल्या युद्धांवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. रंकाळ्याच्या कठड्यावर संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींत मीही असतो, आणि तिथे तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, "ते धर्माचं भांडण हाय, ते मिटायचं न्हाई." दुसरे, एखादा नेता माथेफिरू आहे, तो गेला की सगळे सुरळीत होईल. तिसरे, शस्त्रे विकणाऱ्यांना माल खपवायचा असतो म्हणून ते युद्धे लावून देतात. या तिन्हींत काही ना काही खरे आहे. जेरुसलेमवरचा हक्क श्रद्धेशी जोडलेला आहे, एकाच माणसाच्या हाती सत्ता एकवटली की त्याच्या चुका लाखोंना भोगाव्या लागतात, आणि शस्त्रांच्या व्यापारात नफा आहे. माझी हरकत वेगळी आहे. ही उत्तरे मिळाली की पुढे विचार करावा लागत नाही. शिया आणि सुन्नी, ज्यू आणि मुसलमान, रशियन आणि युक्रेनी हे शतकानुशतके शेजारी राहिले आहेत, त्यांतली कितीतरी दशके शांततेची होती. भांडण याच दशकात, याच गावात, याच नदीकाठी का पेटले, हे 'धर्म' या एका शब्दाने समजत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की प्रत्येक युद्धात लढणाऱ्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या तारखेपासून गोष्ट सांगायला सुरुवात करतात, आणि ऐकणाऱ्याने एकाच बाजूची तारीख मान्य केली की त्याचे मत तिथेच ठरून जाते. त्यामुळे कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवण्याच्या आधी दोन्ही बाजूंच्या तारखा माहीत करून घेणे हे नागरिकाचे पहिले काम आहे. वळिवड्याची छावणी हे काम शिकण्यासाठी मला सर्वांत सोयीची जागा वाटते.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार झाला आणि त्याच्या गुप्त भागात पूर्व युरोपची वाटणी लिहिलेली होती. १ सप्टेंबरला जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजांनी पूर्वेकडून पोलंडवर चाल केली. पूर्व पोलंड सोव्हिएत ताब्यात गेला, आणि फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या लाखो लोकांना घरांतून उचलून, मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि मध्य आशियात नेण्यात आले. जून १९४१ मध्ये हिटलरने स्टालिनवरच हल्ला केला, कालचे शत्रू एका रात्रीत मित्र झाले, आणि कैदेतल्या पोलिश लोकांना सोडायला स्टालिन तयार झाला. १९४२ मध्ये ती माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या किनाऱ्याला लागली, तेहरानच्या छावण्यांत राहिली, आणि त्यांतली काही तिथून पुढे भारतात आली. जामनगरजवळच्या बालाचडीत काही मुले ठेवली गेली, आणि मोठी छावणी आपल्या वळिवड्याला उभी राहिली.

इथे इराण वाटेत आला तो योगायोगाने नव्हे. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत संघ या दोघांनी मिळून तटस्थ इराणवर आक्रमण केले होते. त्यांना तिथले तेल सुरक्षित हवे होते आणि रशियाला रसद पोहोचवण्यासाठी इराणची रेल्वे हवी होती. राजा रझाशाह याला गादी सोडावी लागली. म्हणजे ज्या वाटेने वळिवड्याची मुले जगली, ती वाट एका तिसऱ्या देशाचे सार्वभौमत्व बाजूला सारून उघडलेली होती. आपण पहिली गोष्ट कृतज्ञतेने सांगतो, इराणमध्ये दुसरी गोष्ट अपमान म्हणून सांगितली जाते, आणि दोन्ही जेमतेम वर्षाच्या अंतरावरच्या आणि एकाच रस्त्यावरच्या आहेत.

पुढचा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. नोव्हेंबर १९४३ च्या अखेरीस, वळिवड्याच्या छावणीत पोलिश मुलांच्या शाळा भरत होत्या त्याच सुमारास, त्याच तेहरान शहरात रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन एकत्र बसले. पोलंड हा देश नकाशावर पश्चिमेकडे कसा सरकवता येईल, हे चर्चिल यांनी तिथे काड्यापेटीच्या तीन काड्या सरकवून दाखवले, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झाले. पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहिला, बदल्यात पोलंडला जर्मनीचा मुलूख मिळाला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी लंडनमधल्या पोलंडच्या निर्वासित सरकारची मान्यताही काढून घेतली. वळिवड्यात शाळेत जाणाऱ्या मुलीचे गाव जिथल्या तिथे होते, फक्त ते आता दुसऱ्या देशात होते. मी इतिहासाचा शिक्षक असताना नववीच्या वर्गात हे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग तिथल्या लोकांना कुणी इच्यारलं का?" कुणी विचारले नव्हते.

पोलिश माणसे गेली, आणि त्याच छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले. आजचे गांधीनगर ते हेच. तिथल्या घाऊक कापडबाजारात आपण लग्नसराईत खरेदीला जातो. पंजाब आणि बंगालची सीमा सर सिरिल रॅडक्लिफ यांनी आखली. ते ८ जुलै १९४७ रोजी प्रथमच भारतात आले आणि त्यांची रेषा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, जाहीर झाली. सिंधमधून तर रेषा गेलीच नाही, तो प्रांत अख्खाच पलीकडे गेला, म्हणून सिंधी माणसाला 'आपला' म्हणता येईल असा एकही जिल्हा इकडे उरला नाही. जगातल्या दोन मोठ्या सीमाबदलांतून बेघर झालेली माणसे वर्षाच्या अंतराने एकाच जागी राहून गेल्याची दुसरी जागा मला ठाऊक नाही, आणि ती आपल्यापासून केएमटीच्या बसच्या अंतरावर आहे.

आता युक्रेनकडे येऊ. वळिवड्याच्या अनेक निर्वासितांचा मूळ मुलूख आज पश्चिम युक्रेनमध्ये येतो. लव्हिव्ह हे त्यातले मोठे शहर. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते पोलंडचे होते, नंतर सोव्हिएत संघात गेले, १९९१ पासून स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे. आपल्या वाहिन्यांवर हे युद्ध २४ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाले. युक्रेनचा नागरिक ते २०१४ पासून मोजतो, कारण त्या वर्षी रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला आणि पूर्वेकडच्या दोनबासमध्ये लढाई सुरू झाली. कधी तो १९३२-३३ पासूनही मोजतो, कारण त्या वर्षीच्या मानवनिर्मित दुष्काळात त्याच्या आजोबांच्या पिढीतली लाखो माणसे उपाशी मेली. रशियन सत्ताधारी एप्रिल २००८ पासून मोजतात, कारण त्या महिन्यात बुखारेस्टच्या परिषदेत युक्रेन आणि जॉर्जिया कधीतरी नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीचे सदस्य होतील असे त्या आघाडीने जाहीर केले. कधी ते १९५४ पासून मोजतात, जेव्हा क्रिमिया सोव्हिएत रशियाकडून सोव्हिएत युक्रेनकडे देण्यात आला. आणि जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी लिहिलेल्या दीर्घ लेखात तर मोजणी हजार वर्षांपूर्वीच्या कीव्हपासून केलेली आहे.

या सगळ्या तारखा खऱ्या आहेत, पण त्या सारख्या वजनाच्या नाहीत, आणि इथे लेखकाने आपले मत सांगितलेच पाहिजे. नाटोचा पूर्वेकडे विस्तार झाला आणि त्याने रशियाची भीती वाढली, हे मी मान्य करतो. १८१२ आणि १९४१ मध्ये पश्चिमेच्या सपाट मैदानावरूनच फौजा मॉस्कोकडे आल्या होत्या, तेव्हा ती भीती म्हणजे नुसते मनाचे खेळ नव्हेत. परंतु एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड नाटोत गेला, रशियाशी असलेली त्याची १,३०० किलोमीटरहून लांब सीमा एका दिवसात नाटोची सीमा झाली, तरी रशियाने फिनलंडवर हल्ला केला नाही. म्हणजे केवळ नाटो जवळ येणे एवढेच कारण असते तर हे घडायला नको होते. युक्रेन हे स्वतंत्र राष्ट्रच नाही, या समजुतीचाही या युद्धात मोठा वाटा आहे. डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात युक्रेनच्या ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला होता, क्रिमियातही निम्म्याहून अधिक मते स्वातंत्र्यालाच पडली होती. डिसेंबर १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रे सोडून दिली, आणि बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे लिहून दिले. नाटोची २००८ ची तारीख सांगणाऱ्याने १९९१ आणि १९९४ या तारखाही सांगितल्या पाहिजेत. त्या गाळून केलेले विवेचन मला वकिली वाटते.

याबाबतीत सर्वांत नेमके बोलले ते एका आफ्रिकी देशाचे प्रतिनिधी. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी, हल्ल्याच्या तीन दिवस आधी, सुरक्षा परिषदेत केनियाचे राजदूत मार्टिन किमानी यांनी सांगितले की आफ्रिकेतल्या देशांच्या सीमा लंडन, पॅरिस आणि लिस्बनमध्ये बसून आखल्या गेल्या, त्यांनी एकेका लोकसमूहाचे तुकडे केले, तरी स्वातंत्र्यानंतर आफ्रिकी देशांनी त्या तशाच मान्य केल्या, कारण रक्ताच्या नात्यावरून सीमा बदलायला निघाले असते तर ते आजही लढत राहिले असते. १९६४ मध्ये आफ्रिकी एकता संघटनेने कैरोत हा ठराव केला होता. तारखा समजून घेणे आणि त्या तारखेच्या जोरावर आजच्या जिवंत माणसांची घरे मागणे, यांतला फरक या भाषणाने मला जितका स्पष्ट करून दिला तितका कोणत्याही जाडजूड ग्रंथाने दिला नाही. बेळगाव-निपाणीचा प्रश्न १९५६ पासून उराशी बाळगणाऱ्या आपल्या भागाला या फरकाची जाणीव असायला हवी, आणि मला वाटते ती आहेही. तो प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, मोर्चे निघतात, बस अडवल्या जातात, कधी दगडही उचलले जातात, पण रणगाडे निघत नाहीत, कारण दोन्ही राज्यांच्या वर एक न्यायालय आहे.

पश्चिम आशियात तारखांचा हा झगडा सर्वांत तीव्र आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १,२०० माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. इस्रायली माणूस तिथून बोलायला सुरुवात करतो, आणि त्यामागे युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची आठवण उभी असते. पॅलेस्टिनी माणूस १९४८ पासून बोलतो, जेव्हा सुमारे सात लाख पॅलेस्टिनींना घरे सोडावी लागली, किंवा १९६७ पासून, जेव्हा गाझा आणि जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा इस्रायलच्या ताब्यात गेला. ७ ऑक्टोबरनंतरच्या इस्रायली हल्ल्यांत गाझात साठ हजारांहून अधिक माणसे मेली असे तिथले आरोग्य खाते सांगते, आणि त्यांत मुलांची संख्या फार मोठी आहे. या दोन्ही बाजूंच्या मागे आणखी जुन्या दोन तारखा आहेत, ज्या लढणाऱ्यांपैकी कुणाच्याच नाहीत. मे १९१६ मध्ये ब्रिटनचे साइक्स आणि फ्रान्सचे पिको यांनी तुर्की साम्राज्याचा अरब मुलूख गुप्तपणे वाटून घेतला, आणि २ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासस्थानाला पाठिंबा जाहीर केला. त्याच काळात अरबांनाही स्वातंत्र्याचे आश्वासन दिलेले होते. एकच जमीन दोघांना देऊ करणारा तिसरा होता, आणि तो आज या भांडणात कुठेच दिसत नाही. ७ ऑक्टोबरचे क्रौर्य यामुळे तसूभरही कमी होत नाही आणि गाझातल्या मुलांचे मरणही समर्थनीय होत नाही. पण या मातीत हे भांडण आले कुठून, हे कळल्याशिवाय ते मिटवण्याची भाषा पोकळ राहते.

इराणचे तसेच. आपल्याकडची चर्चा १९७९ च्या क्रांतीपासून आणि अमेरिकी वकिलातीतल्या ४४४ दिवसांच्या ओलीसनाट्यापासून सुरू होते, कारण अमेरिका तिथून सुरू करते. इराणी माणूस १९५३ पासून सुरू करतो. पंतप्रधान मोहम्मद मोसाद्देघ यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश कंपनीच्या हातातले तेल राष्ट्राच्या मालकीचे केले होते, आणि दोन वर्षांनी ब्रिटन व अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांनी मिळून त्यांची सत्ता उलथवली. त्याच्याही आधी १९४१ आहे, ज्याचा उल्लेख वर आला. जून २०२५ मध्ये इस्रायलने आणि मग अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले, तेव्हा आपल्या राजवटीचा तिटकारा करणारे कितीतरी इराणी लोकही अस्वस्थ झाले, त्याचे कारण या तारखांत सापडते.

तारखांनंतर दुसरी गोष्ट भीती, आणि ती समजायला आपल्याला कृष्णेवरचे कर्नाटकातले अलमट्टी धरण पुरते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली होती. कर्नाटकाला अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे, आणि त्या बातमीने कोल्हापूर-सांगलीत पोटात गोळा येतो, कारण फुगवट्याचे पाणी मागे सरकेल ही भीती आहे. फुगवट्याचा आपल्या पुराशी नेमका किती संबंध आहे यावर तज्ज्ञांचे एकमत नाही, आणि तो वाद इथे सोडवायचा नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच की विजापूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तेच साडेचार मीटर पाणी म्हणजे पोरांचे भवितव्य वाटते. त्याच्या मनात कोल्हापूर बुडवायचा विचार नाही. तरी त्याची सुरक्षितता ही आपली असुरक्षितता होते. देशादेशांत शस्त्रे, क्षेपणास्त्रे, लष्करी तळ आणि आघाड्या यांचे नेमके हेच होते. एक देश स्वतःच्या बचावासाठी भिंत चढवतो, शेजारी तिला चढाईची तयारी समजतो आणि आपली भिंत आणखी उंच करतो. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात, आणि तरीही युद्ध होऊ शकते.

कृष्णेच्या पाण्यासाठी लवाद आहे, केंद्रीय जल आयोग आहे, सर्वोच्च न्यायालय आहे. देशांसाठी तसे काही नाही म्हटले तरी चालेल. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच देशांना नकाराधिकार आहे, आणि तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असतानाही वापरता येतो. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरील हल्ल्याविरुद्धचा ठराव रशियाने स्वतःच रोखला. गाझातल्या शस्त्रसंधीचे ठराव अमेरिकेने एकाहून अधिक वेळा रोखले. १९४५ मध्ये जिंकलेल्यांनी लिहून घेतलेला हा अधिकार आहे, आणि तो असेपर्यंत दुबळ्या देशांना न्यायापेक्षा शस्त्रावर अधिक भरवसा वाटत राहणार. 'शस्त्रे विकणारे युद्धे लावतात' या वाक्यापेक्षा हे कारण मला मुळाच्या अधिक जवळचे वाटते.

तिसरी गोष्ट वाटांची. मार्च २०२२ मध्ये शिरोली एमआयडीसीत एका मित्राच्या फाउंड्रीत बसलो होतो. टेबलावर चहा निवत होता आणि ते फोनवर पिग आयर्नचा, म्हणजे ओतकामाला लागणाऱ्या कच्च्या लोखंडाचा, भाव विचारत होते. भाव सकाळी एक सांगितला होता, संध्याकाळी दुसरा. कास्टिंगचे दर मात्र गिऱ्हाइकाशी आधीच ठरलेले. भट्टी थंड ठेवली तर मोल्डरची हजेरी बुडणार, पेटवली तर प्रत्येक टनामागे तोटा. पिग आयर्न जगाला विकणाऱ्या मोठ्या देशांत रशिया आणि युक्रेन हे दोघेही होते, आणि मारिउपोलचे पोलाद कारखाने व बंदर त्या महिन्यात वेढ्यात होते. "ते गाव नकाशात कुठं हाय ते मला आज कळलं," असे ते म्हणाले. ते खंतावून म्हणाले होते आणि मलाही ते लागले, कारण शाळेत भूगोल शिकलेल्या आमच्या पिढीला देशांच्या राजधान्या पाठ होत्या, पण माल कुठून कुठे जातो हे कुणी शिकवले नव्हते.

ऊस पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला लागणारे पोटॅश जवळजवळ सगळे परदेशातून येते, आणि ते विकणाऱ्या प्रमुख देशांत रशिया आणि बेलारूस आहेत. सूर्यफुलाच्या तेलाचा मोठा वाटा युक्रेनमधून येत असे. होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी चाळीस किलोमीटरहूनही कमी रुंद आहे आणि जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा तिथून जात आला आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसचा मोठा भागही त्याच वाटेचा. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा युरोपला जाणारा माल सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला, प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला, आणि निर्यातीचे कास्टिंग पाठवणाऱ्यांचे भाडे कडाडले. बडे देश या चिंचोळ्या वाटांभोवती तळ का उभारतात, लाल समुद्राच्या तोंडावरच्या जिबुटीसारख्या छोट्या देशात अमेरिका, फ्रान्स, जपान आणि चीन या सर्वांचे लष्करी तळ का आहेत, हे एकदा समुद्राचा नकाशा समोर घेतला की समजते. तैवानचेही तसेच आहे, अत्याधुनिक चिपांपैकी बहुसंख्य त्या एका बेटावर बनतात.

आणि एक युद्ध असे आहे की ज्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणीच बोलत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून देशाचे सैन्य आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली. एक कोटीहून अधिक माणसे बेघर झाली, दार्फुरमध्ये वांशिक कत्तली झाल्या, दुष्काळ पडला. दोन्ही सेनापती मुसलमान आहेत, तेव्हा 'धर्माचे भांडण' हे उत्तर इथे चालत नाही. तिथे सोन्याच्या खाणी आहेत, ते सोने विकून शस्त्रे येतात, आणि बाहेरचे देश आपापला माणूस पुढे करतात. सराफ कट्ट्यावर सोन्याचा भाव रोज विचारणाऱ्या शहराने, ज्याच्याजवळच हुपरीसारखे चांदीच्या कारागिरीचे गाव आहे, निदान धातू कुठून येतो आणि त्याच्यापायी कुणाचे काय होते हा प्रश्न तरी आपला मानावा. काँगोच्या पूर्व भागात तेच कोल्टनसारख्या खनिजांभोवती चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर बंडखोरांनी घेतले ती बातमी आपल्याकडे एका कोपऱ्यात छापून आली.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. इतकी कारणे शोधत बसले की आक्रमण करणाऱ्याला सूट मिळते, असे लोक म्हणतात. मला तो पटत नाही. डॉक्टर रोगाचे कारण शोधतो तेव्हा रोगाची बाजू घेत नाही. युक्रेनमधल्या बुचा शहरात मार्च २०२२ मध्ये सामान्य माणसांना हात बांधून मारले गेले, त्याची जबाबदारी मारणाऱ्यांवर आणि त्यांना पाठवणाऱ्यांवरच आहे, नाटोच्या २००८ च्या घोषणेवर नाही. पण उद्याचे युद्ध टाळायचे असेल तर भीती कशी वाढते, सीमा कुणी आणि कशा आखल्या, वाटा कुणाच्या ताब्यात आहेत, हे कळावेच लागेल. हे कळलेला नागरिक आपल्या सरकारलाही नेमके प्रश्न विचारू शकतो. रशियाचे स्वस्त तेल घेणे, एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवणे, इस्रायलकडून शस्त्रे घेणे आणि इराणशी चाबहार बंदराचा करार करणे, या प्रत्येक निर्णयामागे हित आहे आणि प्रत्येकाची किंमतही आहे. त्या किमतीची चर्चा भावनेच्या आरोळ्यांत बुडू नये.

म्हणून माझ्या दोन साध्या मागण्या आहेत. मराठी वर्तमानपत्रांनी परदेशातल्या प्रत्येक मोठ्या युद्धाच्या बातमीसोबत नकाशा छापावा, आणि त्याखाली दोन्ही बाजू आपली गोष्ट कोणत्या तारखेपासून सांगतात ते दोन ओळींत द्यावे. त्याला फार जागा लागत नाही. दुसरी मागणी आपल्या जिल्ह्यातल्या शाळांकडे आहे. पन्हाळ्याची आणि राधानगरीची सहल आपण काढतोच, त्यात एक दिवस वळिवडे-गांधीनगरचा घालावा. शिक्षकाने सोबत तीन नकाशे न्यावेत, १९३८ चा, १९४८ चा आणि आजचा, आणि मुलांना प्रत्येकावर दोनच शहरे शोधायला सांगावीत, लव्हिव्ह आणि कराची. पहिल्या नकाशात एक पोलंडमध्ये आणि दुसरे ब्रिटिश हिंदुस्थानात सापडेल, दुसऱ्यात एक सोव्हिएत संघात आणि दुसरे पाकिस्तानात. तिसऱ्या नकाशावर लव्हिव्ह युक्रेनमध्ये आहे, आणि कराची अजून पाकिस्तानात. त्यानंतर मुलांना ज्या जमिनीवर उभे आहोत तिथे आधी कोण राहत होते ते सांगावे, आणि प्रश्न त्यांना विचारू द्यावेत.